गाड्यांचा आवडता कार्यक्रम संपल्यावर त्याला निरोप कसा द्यावा

शुक्रवार, 13 सप्टेंबर 2024. घरगुती गौरी-गणपतींचे विसर्जन आदल्या दिवशीच झालेले असल्यामुळे घरे थोडी निवांत झाली होती, चौकातल्या मंडळाचे स्पीकर मात्र अजून जोरात होते. अशा रात्री साताऱ्यातल्या आम्ही सहा जणांनी 'द ग्रँड टूर' या गाड्यांवरच्या ब्रिटिश कार्यक्रमाचा 'वन फॉर द रोड' हा क्लार्कसन, हॅमंड आणि मे या त्रिकुटाचा शेवटचा भाग माझ्या घरी, खिडक्या लावून घेऊन पाहिला. भाग संपला आणि पंधरा मिनिटांच्या आत वाद सुरू झाला. एकाचे म्हणणे असे, की या त्रिकुटाचा आधीचा कार्यक्रम 'टॉप गिअर' 2015 मध्ये सुटला तेव्हाच सगळे खरे तर संपले होते आणि पुढची नऊ वर्षे हे नुसते शेपूट होते. दुसऱ्याच्या मते 2019 मध्ये 'ग्रँड टूर'ने प्रेक्षकांचा तंबू गुंडाळला तेव्हाच सगळे आटोपले. सांगलीहून मुद्दाम आलेला आमचा मित्र भडंगाची पिशवी मांडीवर तशीच ठेवून गप्प बसला होता. "अरे, टीव्हीवरचा कार्यक्रम आहे, एवढे काय?" असे कोणीतरी म्हणताच तो उठला आणि चपला घालून गच्चीवर निघून गेला.

ती संध्याकाळ वाया गेली. पुढे जानेवारीत आम्ही निरोपाचा कार्यक्रम नव्याने आखला आणि तो बऱ्यापैकी जमला. पहिल्या खेपेला काय चुकले आणि दुसऱ्या खेपेला काय साधले, ते इथे क्रमाने सांगतो. वर्षानुवर्षे पाहिलेला गाड्यांचा कोणताही कार्यक्रम संपला, की मित्रमंडळींना याचा उपयोग होऊ शकेल.

आपण कोणत्या शेवटाचे दुःख करत आहोत, हे आधी ठरवावे

पंचवीस-तीस वर्षे चाललेला कार्यक्रम एका दिवशी संपत नाही. तो टप्प्याटप्प्याने संपतो आणि प्रत्येक प्रेक्षकाचा टप्पा वेगळा असतो. आमचा वाद झाला तो याचमुळे, पण त्या रात्री हे कोणाच्या लक्षात आले नाही. म्हणून सर्वांत आधी एका कागदावर शेवटांची यादी करावी.

आमच्या कागदावरची यादी अशी होती. 'टॉप गिअर' 1977 मध्ये बर्मिंगहॅममधून एक प्रादेशिक कार्यक्रम म्हणून सुरू झाला आणि 2001 मध्ये बंद पडला, हा पहिला शेवट. आमच्यापैकी कोणीच तो पाहिलेला नव्हता. ऑक्टोबर 2002 मध्ये कार्यक्रम नव्या रूपात परत आला. जेरेमी क्लार्कसन आणि रिचर्ड हॅमंड तेव्हापासून होते, जेम्स मे पुढच्या वर्षी आला आणि ज्या त्रिकुटासाठी आपण केबलवर रात्री उशिरापर्यंत जागत होतो, ते तिथून पूर्ण झाले. मार्च 2015 मध्ये क्लार्कसनने एका निर्मात्यावर हात उगारल्याच्या प्रकरणानंतर बीबीसीने त्याचा करार वाढवला नाही, हा दुसरा शेवट. नोव्हेंबर 2016 मध्ये तिघांनी 'द ग्रँड टूर' सुरू केला. त्यातला तंबूतल्या प्रेक्षकांसमोरचा भाग एप्रिल 2019 मध्ये थांबला आणि ते जाहीर करताना क्लार्कसनचा आवाज दाटून आला, हा तिसरा. इकडे मूळ 'टॉप गिअर' नव्या सूत्रसंचालकांसह चालू राहिला होता. डिसेंबर 2022 मध्ये चित्रीकरणादरम्यान त्यांतला एक, अँड्र्यू फ्लिंटॉफ, गंभीर जखमी झाला आणि नोव्हेंबर 2023 मध्ये बीबीसीने कार्यक्रम अनिश्चित काळासाठी थांबवत असल्याचे सांगितले, हा चौथा. सप्टेंबर 2024 चा हा पाचवा.

यादी झाली, की प्रत्येकाने एका चिठ्ठीवर दोनच गोष्टी लिहाव्यात: आपला शेवट कोणता आणि आठवणीत राहिलेले एक दृश्य कोणते. चिठ्ठ्या एकाने मोठ्याने वाचाव्यात आणि वाचन चालू असताना इतरांनी उत्तर देऊ नये. ही अट पाळणे अवघड जाते, विशेषतः आमच्यासारख्या गटात, जिथे डिझेल की पेट्रोल यावरून दोघांनी चार महिने अबोला धरलेला आहे. पण ती पाळली, की समोरचा आपल्याशी वाद घालत नसून त्याचा जीव दुसऱ्याच वर्षात अडकलेला आहे, हे दिसू लागते.

तक्रारीसाठीही मर्यादित वेळ ठेवावा. अर्धा तास पुरेसा होतो. 2015 मध्ये क्लार्कसनला परत घ्यावे म्हणून दहा लाखांहून अधिक लोकांनी ऑनलाइन निवेदनावर सह्या केल्या आणि ते निवेदन रणगाड्यासारख्या लष्करी वाहनावरून बीबीसीच्या दारात नेण्यात आले. निर्णय बदलला नाही. आमच्यातल्या दोघांनी त्या वेळी सही केली होती. त्यांपैकी एकजण आज म्हणतो, की ज्याला मार बसला त्या माणसाचा विचार सही करताना डोक्यात आलाच नव्हता. हे वाक्य त्याने स्वतःहून उच्चारले, कोणी वदवून घेतलेले नव्हते, आणि म्हणूनच मला त्याचे मोल वाटते.

काय पाहावे आणि कोणत्या क्रमाने

सलग रात्रभर पाहण्याचा मोह टाळावा, कारण चौथ्या तासाला निम्मी मंडळी झोपतात आणि उरलेली फोनमध्ये शिरतात. तीन तासांत बसेल इतकेच निवडावे. आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी: ऑनलाइन सेवेची वर्गणी घरगुती पाहण्यासाठी असते. ती सोसायटीच्या हॉलमध्ये पडदा लावून, वर्गणी गोळा करून दाखवण्यासाठी नसते. सहा-आठ माणसे घरात जमली तर तेवढे पुरते.

आमची निवड तीन तुकड्यांची होती. पहिला तुकडा 2003 मधला, टोयोटा हायलक्स या जुन्या पिकअपचा. ती गाडी भरतीच्या पाण्यात सोडली, पेटवली, आणि दुसऱ्या वेळी पाडायच्या इमारतीच्या माथ्यावर ठेवून इमारतीसकट खाली पाडली. सुटे भाग न वापरता, नुसत्या हत्यारांनी खटपट करून, ती प्रत्येक वेळी पुन्हा चालू केली. हा तुकडा गॅरेजवाल्या मंडळींना जरूर दाखवावा. आमच्या ओळखीचे एक वयस्क मेकॅनिक इंग्रजीचा एक शब्द कळत नसताना त्या ढिगाऱ्याकडे टक लावून पाहत होते आणि इंजिन धरल्याबरोबर त्यांनी माझ्या गुडघ्यावर थाप मारली.

दुसरा तुकडा 2007 मधला बोट्स्वानाचा विशेष भाग. तिघांनी दीड हजार पौंडांच्या आत, खडतर रस्त्यासाठी न बनवलेल्या जुन्या गाड्या घेतल्या: एक लान्सिया, एक मर्सिडीज आणि 1963 ची छोटी ओपेल कॅडेट. हॅमंडने त्या कॅडेटचे नाव ऑलिव्हर ठेवले आणि पुढे ती बोटीने इंग्लंडला नेली. मखडिखडीच्या मिठागरात वरची खपली पातळ, खाली चिखल. त्यामुळे क्लार्कसन आणि मे यांना गाड्यांचे दरवाजे, काचा, बसण्याची आसने एक एक करून उतरवावी लागली. ऑलिव्हर मुळातच हलकी असल्याने हॅमंडला यातले फारसे काही करावे लागले नाही. हा भाग आधी पाहिल्याशिवाय शेवटचा भाग लावू नये, कारण 2024 मध्ये झिंबाब्वेतून निघून लान्सिया माँटेकार्लो, फोर्ड काप्री आणि ट्रायम्फ स्टॅग या तीन गाड्या अखेर त्याच मिठागरातल्या कुबू बेटावर येऊन थांबतात. ज्याने 2007 पाहिलेले नाही, त्याला तिथे फक्त खडक आणि गोरखचिंचेची झाडे दिसतात. ज्याने पाहिले आहे, त्याचे मात्र तिथे सतरा वर्षांचे वर्तुळ पूर्ण होते. सप्टेंबरमध्ये आम्ही थेट शेवटचाच भाग लावला होता, आणि पहिल्या रात्रीची माझ्या मते हीच मोठी चूक.

2011 च्या अखेरीस दाखवलेला भारताचा विशेष भाग ठेवावा की नाही, यावर मतभेद होणारच. त्यात जग्वारच्या मागे शौचकूप बसवून केलेल्या विनोदांबद्दल भारतीय उच्चायुक्तालयाने बीबीसीकडे तक्रार केली होती. मुंबईच्या डबेवाल्यांचे काम मोटारीने करून पाहण्याचा प्रयत्नही त्याच भागात आहे, आणि तो पाहताना मावळ-खेडकडचे नातेवाईक असलेल्या माणसाला हसू आवरत नाही. मी स्वतः तो भाग पुन्हा पाहिला नाही. त्याऐवजी 2013 मध्ये जगभरच्या टॅक्सींच्या स्पर्धेत हिंदुस्थान अँबॅसिडर पहिली आली होती तो तुकडा लावला. वाद टळला आणि सगळ्यांची छातीही थोडी फुगली.

तीन गाड्या आणि त्यांची तयारी

हा कार्यक्रम पडद्यापुढे बसून जितका पाहिला तितकाच त्याचा निरोपही पडद्यापुढे बसून द्यायचा, हे मला पटत नाही. त्याचे सगळे सार कामाला न शोभणाऱ्या तीन गाड्या आणि एकमेकांची टर उडवणारे तीन मित्र यांत होते. म्हणून निरोपाच्या दुसऱ्या दिवशी तीन जुन्या गाड्या घेऊन बाहेर पडावे. गाडी नव्याने विकत घेऊ नये. घरात, चुलत्याकडे, मित्राच्या वाड्यात ताडपत्रीखाली जी उभी असेल तीच काढावी. आमच्याकडे एक मारुती 800, एक ओम्नी, आणि सांगलीकर मित्राच्या वडिलांची प्रीमियर पद्मिनी अशा तीन जमल्या. मारुती आणि ओम्नी 'एमएच 11', पद्मिनी 'एमएच 10'.

कागदपत्रे महिनाभर आधी पाहावीत. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची असते. त्यानंतर आरटीओत गाडी तपासून घेऊन ती पाच-पाच वर्षांसाठी वाढवावी लागते. ती संपलेली असेल तर गाडी रस्त्यावर आणण्याचा विचार सोडून द्यावा. विमा आणि पीयूसी तर लागतेच. कार्यक्रमातल्यासारखे छपरावर काहीबाही जोडण्याचा मोहही आवरावा, कारण नोंदणीपुस्तकातल्या वर्णनाशी न जुळणारा बदल मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 खाली येतो. आम्ही फक्त मागच्या काचेला आतून कागद चिकटवले.

यांत्रिक तपासणी आठ दिवस आधी करावी, आदल्या दिवशी नव्हे. आदल्या दिवशी उघडलेली गाडी दुसऱ्या दिवशी हमखास नवे दुखणे काढते. कुलंट, रबरी नळ्या, फॅन बेल्ट, ब्रेक ऑइल, बॅटरी हे पाहावेच, पण उभ्या राहिलेल्या गाडीत टायरच जास्त फसवतात. नक्षी शाबूत दिसते आणि रबर आतून कडक झालेले असते. टायरच्या बाजूवर चार आकडे छापलेले असतात, त्यांतले पहिले दोन आठवडा आणि पुढचे दोन वर्ष सांगतात. '2313' असेल तर तो टायर 2013 च्या तेविसाव्या आठवड्यातला आहे आणि त्यावर घाट चढू नये. स्टेपनीचेही तेच. पेट्रोलच्या रबरी नळ्याही बदलून घ्याव्यात, कारण हल्लीच्या इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलपुढे जुने रबर फार टिकत नाही.

कार्बोरेटर साफ करून लावणारा माणूस आता शोधावा लागतो. त्या बाबतीत सातारा नशीबवान आहे. एके काळी 'प्रिया' स्कूटर याच गावात तयार होत होती, त्यामुळे कार्बोरेटरच्या जेटला, म्हणजे पेट्रोलच्या बारीक छिद्राला, तोंडाने फुंकर मारून कचरा काढणारी जुनी पिढी इथे अजून भेटते.

कोणता रस्ता निवडावा

खंबाटकी नको, कारण तिथे महामार्गाची अवजड वाहतूक असते. पसरणीचा घाट सुंदर आहे, पण पाचगणीच्या गर्दीत जुनी गाडी पहिल्या गिअरमध्ये तासभर रखडवणे हा तिचा छळ आहे. यवतेश्वरमार्गे कास फुलांच्या हंगामात टाळावे. आम्ही समर्थ मंदिराच्या चौकातून बोगद्याकडे वळलो, सज्जनगड फाटा, बोरणे घाट, ठोसेघर आणि पुढे चाळकेवाडीच्या पवनचक्क्या असा मार्ग घेतला. ठोसेघरपर्यंत अंतर सुमारे पंचवीस किलोमीटर, म्हणजे मोडली तरी गावातून मदत येऊ शकेल इतके जवळ. महिना जानेवारीचा ठेवला, कारण पावसाळ्यात या घाटात धुके आणि दरडी दोन्ही असतात. धबधब्याला तेव्हा पाणी थोडेच असते, पण आपण धबधब्यासाठी निघालेलो नाही.

शर्यत मुळीच लावू नये. सार्वजनिक रस्त्यावर परवानगीशिवाय शर्यत हा कलम 189 खाली गुन्हा आहे. शिवाय मारुती 800 आणि पद्मिनीची शर्यत पाहण्यासारखी नसते. सर्वांत मंद गाडी पुढे ठेवावी आणि साधनसामग्रीची गाडी शेवटी. चढणाऱ्या गाडीला उतरणाऱ्याने वाट द्यावी. उतारावर ब्रेकवर पाय ठेवून बसू नये, जुने ड्रम ब्रेक तापले की पेडल मऊ पडते. ज्या गिअरमध्ये चढला त्याच गिअरमध्ये उतरावे.

तिघांच्या प्रवासांत एक नियम असे, की ज्याची गाडी बंद पडेल त्याला मागे सोडून बाकीच्यांनी पुढे जायचे. पडद्यावर तो गमतीचा आहे, बोरणे घाटात नाही. आम्ही तो उलटा केला: एक थांबली की तिन्ही थांबणार, दोन त्रिकोणी फलक वळणाच्या अलीकडे-पलीकडे ठेवणार.

आणि अर्थातच थांबावे लागले. तिसऱ्या वळणावर पद्मिनीने दोन आचके दिले आणि ती गप्प झाली. बॉनेट उघडले तेव्हा गरम तेलाचा वास आणि नळ्यांवरून थरथरणारी हवा. कोणीतरी उत्साहाने रेडिएटरच्या झाकणाला हात घालणार होता, त्याला मागे ओढले. तापलेल्या रेडिएटरमध्ये दाबाखालचे पाणी असते आणि झाकण सैल होताच ते तोंडावर येते, हे प्रत्येकाला निघण्यापूर्वीच सांगून ठेवावे. दुखणे मात्र वेगळे होते. चढावर पेट्रोल इंजिनाजवळच्या इंधनपंपातच तापून त्याची वाफ झाली होती, त्यामुळे कार्बोरेटरपर्यंत पोचत नव्हते. किर्लोस्करवाडीजवळ लहानाचा मोठा झालेला आमचा मित्र काही न बोलता डिकीतून एक जुने बनियन काढून आला, ते कॅनमधल्या पाण्यात भिजवले, अर्धवट पिळले आणि पंपावर आणि नळीवर गुंडाळले. चर्र असा आवाज झाला. पाच मिनिटांनी फडके काढून पुन्हा भिजवले. असे चार वेळा केल्यावर त्याने चावी फिरवली. तिसऱ्या प्रयत्नाला इंजिन धरले आणि गच्चीवर निघून गेलेला तोच माणूस रस्त्याच्या कडेला उभा राहून मोठमोठ्याने हसू लागला. दरम्यान ओम्नीवाला नियम मोडून पुढे निघून गेला होता. डबे पद्मिनीत आहेत हे लक्षात आल्यावर तो परत आला.

चाळकेवाडीला पोचल्यावर गाड्या डांबरावरच उभ्या कराव्यात. आजूबाजूचा सडा, म्हणजे खडकाळ पठार, उजाड दिसत असला तरी त्या पातळ मातीत पावसाळी रोपांची मुळे आणि कंद असतात, चाकांनी ते तुडवू नयेत. डबे उघडावेत, कंदी पेढे वाटावेत. भाषण करू नये. त्या तिघांनी एकवीस वर्षांत एकमेकांचे कौतुक क्वचितच केले, तेव्हा आपणही प्रत्येकाने दुसऱ्याच्या गाडीला मनसोक्त नावे ठेवावीत. मारुतीवाल्याला 'चार चाकांची शिलाई मशीन' हे नाव तिथेच पडले आणि अजून टिकून आहे. गणपतीला आपण निदान पुढच्या वर्षी लवकर या असे म्हणू शकतो, इथे तेवढीही सोय नाही, हे एकजण बोलला आणि वाऱ्यात अर्धे वाक्य ऐकूच आले नाही.

एक छोटी वही प्रत्येक गाडीत ठेवावी. भावना लिहिण्याची सक्ती करू नये, ती केली की लोक काहीच लिहीत नाहीत. तारीख, निघतानाचे आणि परततानाचे किलोमीटर, भरलेले पेट्रोल, झालेला बिघाड आणि तो कोणी कसा दूर केला, एवढेच रकाने आखावेत. चिठ्ठ्या त्याच वहीत टाचून ठेवाव्यात. परतल्यावर गाडी थंड होईपर्यंत थांबून पाण्याची पातळी पाहावी, मगच ताडपत्री घालावी. लांबून आलेल्या गाडीला अंधार पडायच्या आत निरोप द्यावा, कारण जुन्या दिव्यांचा उजेड महामार्गावर पुरत नाही. सांगलीकर दुपारी तीनलाच निघाला, कराड ओलांडून पेठ नाक्यावरून वळला आणि सात वाजता पोचल्याचा त्याचा फोन आला. पद्मिनीच्या वहीचा फोटोही त्याने पाठवला. बिघाडाच्या रकान्यात 'पंप तापला' असे होते आणि उपायाच्या रकान्यात, वडिलांच्या बनियनचा उल्लेख करून, त्याने कंसात लिहिले होते: परत धुऊन डिकीत ठेवले.